बंद न होणारा रेडिएटर



जानेवारीत थंडी पडली, की आपण काय करतो? कपाटातला स्वेटर काढतो, रात्री गोधडी ओढून घेतो. गावाकडे असलो तर पहाटे शेकोटीभोवती बसतो. म्हणजे आपण स्वतःला ऊब देतो, घराला नाही. पण ज्या देशांत हिवाळ्यात पारा शून्याखाली उतरतो, तेथे सगळे घरच तापवावे लागते. गेल्या जानेवारीत अशाच एका घरातून मला रात्री अकरा वाजता फोन आला. फोन करणारा माझा भाचा. तो जर्मनीतील आखेन शहरात शिकायला गेला आहे.

"मामा, बाहेर शून्य अंश आहे आणि मी खोलीत बनियनवर बसलोय! रेडिएटर बंदच होत नाही. खिडकी उघडून झोपतो, तरी घाम येतो."

"घरमालकांना सांगितलेस का?"

"सांगितलं. ते म्हणाले, पुढच्या आठवड्यात कोणाला तरी पाठवतो. पण बिल माझ्या नावावर चढतंय ना! मी पक्कड आणलीय. तो मोठा नट सोडवून पाहू का?"

"पक्कड खाली ठेव," मी म्हणालो. "आधी मला सांग, तुझ्या रेडिएटरला काय झाले आहे?"

"तेच तर तुम्हाला विचारतोय, मामा!"

भाच्याचे म्हणणे रास्त होते. पण बिघाड कोठे आहे हे न कळता पाना चालवणे म्हणजे रोग न ओळखता औषध देणे. म्हणून आम्ही दोघांनी फोनवरूनच त्या रेडिएटरची तपासणी केली. ती कशी केली, ते तुम्हांला सांगतो. तुमच्या घरी रेडिएटर नसेल. पण ज्या तत्त्वावर तो चालतो, ते तत्त्व तुमच्या घरातही रोज काम करत असते.

रेडिएटर म्हणजे काय?

अशा इमारतीच्या तळघरात बहुधा एक बॉयलर असतो. त्यात तापलेले पाणी पंपाने नळांतून खोल्याखोल्यांत फिरवले जाते. प्रत्येक खोलीत पोलादी पत्र्याची एक पोकळ, चपटी पेटी भिंतीला लावलेली असते. हाच रेडिएटर. एका नळाने गरम पाणी त्यात येते, आपली उष्णता खोलीला देते आणि थोडे निवून दुसऱ्या नळाने परत बॉयलरकडे जाते. नाव रेडिएटर, म्हणजे प्रारण करणारा. पण त्याच्या उष्णतेचा मोठा भाग हवेच्या अभिसरणाने खोलीत पसरतो. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते, तिची जागा घ्यायला खालून गार हवा येते, आणि खोलीभर हवेचे एक चक्र सुरू होते. रेडिएटर बहुतेक वेळा खिडकीखाली बसवतात, त्याचे कारणही हेच. गार काचेजवळची हवा जड होऊन खाली उतरते. तिला तेथेच गाठून तापवले, की पायांना झोंबणारा गारवा लागत नाही.

आता थोडे गणित करू. समजा, रेडिएटरमधून मिनिटाला १ लिटर पाणी वाहते. ते आत शिरताना ६० अंश सेल्सिअस आणि बाहेर पडताना ४५ अंश आहे. १ किलोग्रॅम पाण्याचे तापमान १ अंशाने उतरले, की सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता मिळते. म्हणजे १५ अंशांना ६३ किलोज्यूल, तीही दर मिनिटाला. ६० सेकंदांनी भागा: साधारण १ किलोवॅट. खोलीत १००० वॅटची इस्त्री सतत चालू ठेवण्यासारखेच हे झाले! आठ तासांच्या रात्रीत ८ युनिटे, आणि महिन्याला २४०.

जर्मनीत १९८१ सालापासून असा नियम आहे, की अशा सामाईक तापनाचा किमान निम्मा खर्च ज्याच्या त्याच्या वापराप्रमाणे वाटला जावा. त्यासाठी रेडिएटरवर छोटी मोजणी यंत्रे बसवलेली असतात. माझ्या भाच्याला झोप येत नव्हती ती केवळ उकाड्याने नव्हे. ते छोटे यंत्र त्याच्या उशाशी रात्रभर आकडे मोजत होते.

आकडे कशाचे?

रेडिएटरच्या एका टोकाला मुठीएवढी एक फिरकी असते. तिच्यावर १ ते ५ असे आकडे आणि हिमकणाची एक खूण असते. भाच्याने फिरकी हिमकणावर आणून ठेवली होती. त्याच्या मते नळ पूर्ण बंद होता.

येथेच पहिली गंमत आहे. ही फिरकी म्हणजे आपल्या मोरीतला नळ नव्हे. आकडे पाण्याचे नाहीत, खोलीच्या तापमानाचे आहेत. साधारणपणे ३ म्हणजे २० अंश. एक आकडा पुढे किंवा मागे म्हणजे सुमारे ४ अंशांचा फरक. हिमकणाची खूण म्हणजे बंद नव्हे; तिचा अर्थ, 'खोली सुमारे ६ अंशांच्या खाली जाऊ देऊ नको.' तेवढी ऊब न राहिली तर नळांतले पाणी गोठेल. पाण्याचे बर्फ होताना आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते, आणि त्या जोराने नळ फुटतात.

यावरून आणखी एक गोष्ट कळते. खोली लवकर तापावी म्हणून फिरकी ५ वर नेण्यात अर्थ नाही. खोली पुरती गार असताना ३ वरही झडप जवळजवळ पूर्ण उघडलेली असते. ५ वर ठेवल्याने २० अंश लवकर येत नाहीत. फक्त २० वर थांबायचे ते २८ वर थांबते. आपल्याकडे साधा एसी लावताना लवकर गार व्हावे म्हणून १६ चा आकडा लावणारे हीच चूक करतात.

डबीतला पहारेकरी

खोलीचे तापमान फिरकीला कळते कसे? तिला वीज नसते, तारा नसतात. तिच्या पोटात एक छोटी बंद डबी असते. डबीत द्रव, वायू किंवा मेण भरलेले असते. तापवल्यावर पदार्थ प्रसरण पावतात, हे तुम्ही शाळेत शिकलाच आहात. मेणाची तर आणखी मौज: ते वितळताना त्याचे आकारमान दहा ते पंधरा टक्क्यांनी वाढते.

खोली तापली, की डबीतला पदार्थ फुगतो आणि समोरच्या एका बारीक पिनेला आत ढकलतो. पिनेच्या दुसऱ्या टोकाला झडप असते. ती पाण्याची वाट अडवते. खोली निवली, की डबी आकसते. मग झडपेजवळची स्प्रिंग पिनेला बाहेर लोटते, झडप उघडते आणि पाणी पुन्हा वाहू लागते. फिरकी फिरवताना आपण एवढेच करतो, की डबी पिनेच्या जवळ नेतो किंवा दूर सारतो. जवळ नेली तर थोड्या फुगण्यानेही झडप मिटते. दूर सारली तर डबीला जास्त फुगावे लागते.

पाहा, येथे उष्णताच उष्णतेला आवर घालते आहे! खोली तापली म्हणून झडप मिटते. झडप मिटली म्हणून खोली निवते. निवली म्हणून पुन्हा उघडते. कार्याचा परिणाम फिरून कारणाकडे पोचतो आणि त्याला उलट दिशेला ढकलतो. शास्त्रज्ञ याला ऋण प्रत्याभरण म्हणतात. घाम येऊन अंग निवणे हेही त्याचेच उदाहरण.

पहिली चाचणी: खिडकी

आता भाच्याकडे परत येऊ. मी त्याला विचारले, "खिडकी कोठे आहे आणि फिरकी कोठे आहे?"

"खिडकी वर, फिरकी बरोबर तिच्याखाली."

"मग खिडकीतून येणारी शून्य अंशाची हवा कोणावर उतरते?"

तो क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "फिरकीवर! म्हणजे मामा, तिला वाटतंय खोली गोठतेय?"

अगदी बरोबर. उकडते म्हणून खिडकी उघडली, गार हवा फिरकीवर उतरली, डबी आकसली, झडप उघडली, रेडिएटर आणखी तापला! पहारेकरी प्रामाणिक होता, पण त्याला खबरच चुकीची मिळत होती. याच्या उलटही घडते. जाड पडद्याआड फिरकी झाकली गेली, तर पडद्यामागची गरम हवाच तिला खोली वाटते आणि रेडिएटर अवेळी बंद पडतो.

पण एवढ्यावरून निकाल देणे घाईचे झाले असते. मी सांगितले, "खिडकी लाव. फिरकी हिमकणावर ठेव. दुसरे काहीही बदलू नकोस. तासाभराने रेडिएटरला हात लाव." एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा प्रयोगशाळेतला नियम घरातही पाळावा. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर कोणत्या बदलाने फरक पडला हे कळत नाही.

तासाभराने उत्तर आले: रेडिएटर तसाच गरम, खोलीत २७ अंश. खिडकी दोषी होती. पण एकटी नव्हती.

दुसरी चाचणी: पिन

आता दोनच शक्यता उरल्या. एक तर डबी पिनेला ढकलत नाही, नाहीतर डबी ढकलते पण पिन किंवा झडप ऐकत नाही. म्हणजे दोष डोक्यात, की धडात?

फिरकीचे डोके काढता येते, आणि ते काढल्याने पाणी सांडत नाही. कारण पाण्याचा मार्ग धडात बंदिस्त असतो. डोके त्याला फक्त बाहेरून दाबते. आधी फिरकी ५ वर न्यायची, म्हणजे पिनेवरचा दाब जातो. मग डोके आणि धड यांना जोडणारे कडे हाताने सैल करायचे. भाचा पकडीने सोडवायला निघाला होता तो नट मात्र धडाचा होता. तो सुटला असता, तर दाबाखालचे ६० अंशांचे पाणी त्याच्या हातावर आणि खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या छतावर गेले असते! दुरुस्तीत काय उघडावे यापेक्षा काय उघडू नये, हे आधी कळले पाहिजे.

डोके निघाले. आत एक बारीक पिन दिसली. लाकडी चमच्याच्या टोकाने त्याने ती दाबली. "काही मिलिमीटर आत जाते आणि सोडली की बाहेर येते," तो म्हणाला.

पिन अडकलेली असती, तर ती दबलीच नसती. कित्येक महिने एकाच जागी राहिल्याने पाण्यातले क्षार आणि गंज यांमुळे पिना अशा धरतात. बहुतेकदा उन्हाळाभर मिटलेली झडप मिटलेलीच अडकते, आणि थंडी आल्यावर रेडिएटर तापत नाही. अशा वेळी पिनेवर तेलाचा एक थेंब सोडून, तिला हलकेच ठोकून आणि पुन्हा पुन्हा दाबून ती सुटते. पकडीने बाहेर ओढायची मात्र नाही. ती निघून आली, तर पाणीही तिच्यामागोमाग येईल.

आणखी एक शक्यता असते. पिन दबते, पण झडपेच्या बैठकीत कचरा अडकल्याने ती नीट मिटत नाही. मग पिन दाबून धरली तरी रेडिएटर गरमच राहतो. हे काम मात्र माहीतगाराचे. त्यासाठी पाणी उतरवावे लागते.

तिसरी चाचणी: अदलाबदल

आता संशय डोक्यावर आला होता. पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. मी विचारले, "घरात आणखी असा रेडिएटर आहे का?"

"न्हाणीघरात आहे. तो नीट चालतो."

"मग दोघांची डोकी बदल."

भाच्याने न्हाणीघरातले चांगले डोके खोलीतल्या रेडिएटरला लावले आणि खोलीतले संशयित डोके न्हाणीघरातल्या. दोन्ही हिमकणाच्या खुणेवर ठेवली आणि तो अभ्यासाला बसला. अर्ध्या तासाने त्याचा फोन आला, तेव्हा पहिले वाक्य होते, "मामा, खोलीतला निवतोय आणि न्हाणीघरातला पेटलाय!"

बिघाड डोक्याबरोबर दुसऱ्या खोलीत चालत गेला होता. यापेक्षा स्वच्छ पुरावा कोणता हवा? डोक्यातली डबी गळकी झाली होती. आतला द्रव निसटला, की डबी फुगणार कशाने? ती पिनेला ढकलू शकत नव्हती आणि स्प्रिंगने झडप कायमची उघडी धरली होती. फिरकी कोठेही फिरवा, तिला काही जोरच उरला नव्हता.

मग नवे डोके येईपर्यंत काय? रेडिएटरच्या दुसऱ्या टोकाला, परतीच्या नळावर, टोपणाखाली आणखी एक झडप असते. न्हाणीघरातल्या रेडिएटरची ती झडप भाच्याने षट्कोनी किल्लीने हळूहळू मिटवली आणि किती फेरे लागले ते कागदावर लिहून ठेवले: अडीच. फेरे का मोजायचे? इमारतीतल्या प्रत्येक रेडिएटरला पाण्याचा योग्य वाटा मिळावा म्हणून ती झडप विशिष्ट मापाला लावलेली असते. पुन्हा उघडताना तेच माप आले पाहिजे, नाहीतर शेजाऱ्याच्या वाट्याचे पाणी आपण घेऊ.

दुसऱ्या दिवशी त्याने घरमालकांना कळवले, 'रेडिएटर बिघडला आहे' असे नव्हे, तर 'डोके बदलावे लागेल, धड चांगले आहे' असे. दोन दिवसांत नवे डोके आले. बसवायला दहा मिनिटेही लागली नाहीत.

बिघाड कोणत्या बाजूला?

ही हकीकत येथे संपली असती. पण भाच्याने शेवटी एक प्रश्न विचारला. "मामा, डबी गळल्यावर झडप उघडीच का राहावी? मिटून का राहू नये?"

मला हा प्रश्न फार आवडला. प्रत्येक यंत्र केव्हा ना केव्हा बिघडणारच. बिघडले तर ते कोणत्या बाजूला कलंडेल, याचा विचार ते बनवतानाच करता येतो. थंड देशात झडप उघडी राहिली तर उकडते आणि बिल वाढते. मिटून राहिली तर माणूस गारठतो आणि नळ फुटतो. स्प्रिंगचे तोंड उघडण्याकडे ठेवण्याचा हा मोठा फायदा.

आता आपल्या न्हाणीघरातला विजेचा गीझर आठवा. त्यातही तापनियंत्रक, म्हणजे थर्मोस्टॅट असतो. त्याचे विद्युत्‌स्पर्शक चिकटून बसले, तर पाणी तापतच राहील, त्याची वाफ होईल आणि टाकीतला दाब वाढेल. येथे 'चालू' बाजूला कलंडणे जीवघेणे आहे. म्हणून चांगल्या गीझरमध्ये एकावर भिस्त ठेवत नाहीत. थर्मोस्टॅट चुकला तर वीज तोडणारा वेगळा कटआउट असतो आणि तोही चुकला तर दाब सोडणारी झडप असते. तुमच्या घरचा गीझर बंद होत नसेल, नळाला उकळते पाणी किंवा वाफ येत असेल, तर भाच्यासारखी तपासणी करायची नाही! मेन स्विच बंद करा, वडीलधाऱ्यांना सांगा आणि कारागिराला बोलवा. पाणी आणि वीज एकत्र आल्यावर प्रयोग करायचे नसतात.

थोडा इतिहास

आपोआप तापमान राखण्याची कल्पना बरीच जुनी आहे. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात कॉर्नेलिस ड्रेबेल या डच संशोधकाने अंडी उबवण्याच्या भट्टीसाठी अशी युक्ती केली. अल्कोहोल तापून प्रसरण पावे, ते पाऱ्याला ढकली आणि पाऱ्याच्या हालचालीने भट्टीची हवा कमी होई. १८३० साली अँड्र्यू यूर या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने दोन धातूंच्या पट्टीचा तापनियंत्रक सुचवला. थर्मोस्टॅट हा शब्दही त्याचाच.

तिसरी गोष्ट शिक्षकांना आवडेल. अमेरिकेत व्हाइटवॉटर येथे वॉरन जॉन्सन नावाचे एक अध्यापक होते. वर्ग किती तापला आहे हे पाहायला शाळेचा शिपाई वरचेवर वर्गात येई, मग तळघरात जाऊन भट्टी कमीजास्त करी. शिकवण्यात व्यत्यय येई. जॉन्सन यांनी वर्गातल्या तापमानाची खबर विजेने तळघरात पोचवणारे साधन तयार केले आणि १८८३ मध्ये त्याचे पेटंट घेतले. भाच्याच्या खोलीतली फिरकी ज्या जातीची, ती रेडिएटरवरची तापनियंत्रक झडप डेन्मार्कच्या मॅड्स क्लाउसेन यांनी १९४३ मध्ये शोधली.

करून पाहा

चॉकलेटच्या वेष्टनातला ॲल्युमिनियमचा पातळ कागद घ्या. त्याला साधा कागद डिंकाने घट्ट चिकटवा. पूर्ण वाळल्यावर बोटाएवढी रुंद आणि दहा सेंटिमीटर लांब पट्टी कापा. तिचे एक टोक चिमट्यात धरा आणि पेटलेल्या विजेच्या दिव्याजवळ (जुना, तापणारा दिवा घ्या, एलईडी नको) किंवा गरम तव्याच्या वर थोड्या अंतरावर न्या. पट्टी कागदाच्या बाजूला वळेल. ॲल्युमिनियम तापून लांबते; कागद तेवढा लांबत नाही, उलट वाळून थोडा आकसतो. दूर नेल्यावर पट्टी पुन्हा सरळ होऊ लागेल. तुमच्या इस्त्रीतली दोन धातूंची पट्टी अशीच वाकून वीज तोडते, आणि तो बारीकसा 'टक्‌' आवाज तिचाच.

जाता जाता दोन प्रश्न देतो. मोटारीच्या इंजिनातही मेणाची डबी असलेला थर्मोस्टॅट असतो. पण इंजिन तापल्यावर तो पाण्याची वाट मिटवत नाही, उघडतो. असे का? आणि घरातले कोणते उपकरण बिघडले तर 'बंद' बाजूला कलंडावे आणि कोणते 'चालू' बाजूला, याची एक यादी करा. वर्गात ती वाचून दाखवा आणि प्रत्येक नावापुढे कारण सांगा.

भाच्याचा रेडिएटर आता ३ वर असतो. खिडकी तो सकाळी पाच मिनिटे उघडतो. पण त्याआधी फिरकी हिमकणावर नेतो. पहारेकऱ्याला उगाच खोटी खबर कशाला द्यायची?